सुकीला न सांगता लग्न

...आणि विचारतं किती आदबीने ते तर बघा! आपण एखाद्याचं नाव, गाव, जन्मतारीख असं सगळं कॉम्प्युटरमध्ये एका बोटाने टकटक करत भरलं, की कोपऱ्यात एवढीशी खिडकी उघडते आणि म्हणते, हे जपून ठेवू का? आता तुम्हीच सांगा, कुणी इतकं वाकून विचारलं तर आपण काय, 'नको, चोर आहेस तू' असं म्हणतो? मी म्हटलं, ठेव बाबा. माझं काय जातंय? ठेव बाबा लक्षात! ...काय जातंय ते मग कळलं. संसार जायची पाळी आली होती, तुम्हाला सांगतो, भरलेला संसार, आणि तोही लग्न न झालेला!

हसू नका. आधी ऐका. मी लाहू. घोलवडला चिकूच्या पॅकिंग शेडमध्ये मुकादम आहे. चिकू धुवायचे, मोठे-बारीक निवडायचे, खोकी भरायची, गाडी लावून द्यायची, हे माझं काम. नोटाबंदी झाली त्याच्या पुढच्या साली शेठने शेडमध्ये कॉम्प्युटर आणला. आणला, हार घातला, अगरबत्ती लावली आणि मला म्हणाला, "लाहू, तूं शीखी ले, मने नथी फावतुं." म्हणजे शेठला फावत नाही म्हणून लाहूला फावलंच पाहिजे! बरं, शिकलो. गाडीची चलनं छापायला लागलो. पण आमच्या पाड्यात बातमी काय गेली, की लाहूकडे सरकारचं मशीन आलं. झालं! रेशनकार्ड लाहू, जातीचा दाखला लाहू, पोरांची स्कॉलरशिप लाहू, गॅसची शेगडी लाहू. संध्याकाळी शेड रिकामी झाली की शेठ म्हणायचा, भर तुझ्या माणसांचे फॉर्म, फक्त पंखा बंद करून जा. आणि प्रत्येक फॉर्मला ती खिडकी यायची, जपून ठेवू का? आणि मी म्हणायचो, ठेव बाबा!

आता फॉर्ममध्ये मोबाईल नंबर लागतो. आमच्या पाड्यात रेंज कुठे येते? आमच्या घरामागच्या ताडाखाली. बाकी पाड्यात फोन म्हणजे नुसती बॅटरी, अंधारात चालायला. आणि आमची सुकी तर दिवसभर तिथेच, शेळ्या तिथे, कोंबड्या तिथे, भात निवडायला बसायची तीही तिथे. म्हणून मी काय केलं, ज्याचा त्याचा फॉर्म, पण नंबर सगळ्यांचा सुकीचा! गॅसवाल्याचा फोन आला की सुकी ताडाखालून हाक मारायची, "बुधे, तुझी शेगडी आली!" तिकडून बुधी धावत यायची. व्यवस्था अगदी चोख चालली होती, कुणाची तक्रार नव्हती.

आता लग्नाचं सांगतो. तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला वाटेल लाहूचं काहीतरी वेडंवाकडं आहे. नाही हो. आमच्याकडे पुष्कळांचं असंच असतं. दोघांचं जमलं, घरच्यांनी होकार दिला, मुलगी घरी आली, संसार सुरू. लग्न मागून. मागून म्हणजे हात मोकळा होईल तेव्हा, कारण लग्न म्हटलं की अख्खा पाडा जेवायचा, ताडी, ढोल, मांडव, पाहुणे. तर आमचं लग्न मागून होणार होतं. पण पहिल्या साली कौलं उडाली, दुसऱ्या साली शितल झाली, मग नविन झाला, मग बैल मेला... दर चैत्रात मी सुकीला म्हणायचो, पुढच्या साली नक्की. पहिल्यांदा ती लाजायची. मग हसायची. मग नुसतं हूं म्हणायची. पुढे पुढे तर मी 'पुढच्या' म्हटलं की ती कोंबड्यांना दाणे टाकायला उठायची.

आणि मलाही काही वाटेना, खोटं कशाला बोलू. पण मागच्या चैत्रात तिच्या भावाच्या मुलीची हळद होती. सगळ्या बाया पुढे. सुकी पण पुढे, ताट तिच्याच हातात, हळद पण तिनेच वाटलेली पाट्यावर. आणि लग्न लावायला आलेली म्हातारी, जुन्या चालीची, ती म्हणाली, लग्न लागलेल्या बायांनीच लावा गं आधी. तिने काही वाईट मनाने नाही म्हटलं. तसंच म्हणतात. पण सुकीने ताट शेजारणीच्या हातात दिलं, दोन पावलं मागे सरली आणि पदराला हात पुसले. हाताला काही लागलेलंच नव्हतं, तरी पुसले. मी समोर ढोलाजवळ उभा होतो. माझ्या हातातली ताडी तशीच राहिली, तुम्हाला सांगतो. कारण आमच्या शितलचं जमत आलं होतं, वैशाखात नाहीतर पुढच्या माघात तिचं लग्न, आणि तिच्या हळदीला तिची आई मागे उभी राहून हात पुसणार? पोटच्या पोरीच्या हळदीला?

मी ठरवलं. लग्न करायचं, शितलच्या आधी करायचं, आणि सुकीला सांगायचं नाही. का नाही सांगायचं? अहो, इतकी वर्षं सांगितलंच ना! सांगून सांगून शब्द गुळगुळीत झाले होते. आता एकदम मांडवात नेऊन उभी करायची, म्हणजे तिला उठून कोंबड्यांकडे जाता येणार नाही!

पण लग्न कसं करतात मला काय ठाऊक? कधी केलं असेल तर ना. मग मी मशीनला विचारलं. एकटा बसायचो आणि एका बोटाने लिहायचो. लग्न लवकर कसे करावे. लग्नाला वय जास्त असले तर चालते का. लग्नाला मोठी मुले असली तर चालते का. आणि एक असंच, सहज, मनात आलं म्हणून... लग्न बायकोला न सांगता करता येते का.

ते मशीन मला काही म्हणालं नाही. गप्प बसून ऐकलं. मला वाटलं माणूस चांगला आहे.

आठवडाही गेला नसेल, शितल आली शेडवर. नर्सिंगची लिस्ट लागली का बघायला. सोबत सुकी, तिला बाजारातून परत जायचं होतं. शेठ खुर्चीत बसलेला. शितल स्क्रीनपुढे बसली, लिस्ट लिहायला तिने नुसता 'ल' टाकला... आणि काय सांगू तुम्हाला, पाटाचं दार उघडावं तसं भसाभस सगळं खाली आलं! माझी लग्नं! एकाखाली एक! आणि आमच्या शितलला सवय, समोर दिसलं की मोठ्याने वाचायचं, शाळेत पहिली यायची ना. वाचलं तिने. "लग्न लवकर कसे करावे. लग्नाला मोठी मुले असली तर चालते का. लग्न बायकोला न सांगता..." इथे तिचा आवाज बारीक झाला. पण वाचलं मात्र पूर्ण.

सुकी काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. तिने पिशवी खाली ठेवली आणि एकच विचारलं.

"कोणाशी?"

आता मी काय सांगू? तुझ्याशी म्हटलं तर सगळं फुटलं, आणि परत तेच, पुढच्या साली नक्की! आणि तोंडातून काय निघालं? म्हटलं, "माझं नाही ते, शेठचं असेल."

शेठचं! दोन्ही गुडघे बदललेला माणूस, सून दुपारी औषध द्यायला येते, तो बायकोला न सांगता लग्न करतोय! सुकीने शेठकडे बघितलं. शेठने माझ्याकडे बघितलं. मग तो खुर्चीचे हात धरून हळूहळू उठला आणि म्हणाला, मी जरा चिकू बघून येतो. चिकू सकाळीच गेले होते.

त्या रात्री जेवण वाढलं, पण भाकरी अशी ठेवली की ताटाला पोचा पडला असेल. मी म्हटलं, लाहू, हे मशीन पोटात काही ठेवत नाही, याचं पोट साफ केलं पाहिजे. सकाळी लवकर शेडवर गेलो, मशीनपुढे बसलो आणि रोशनला फोन लावला. रोशनचं डहाणू स्टेशनासमोर मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याला यातलं सगळं समजतं. म्हटलं, बाबा, मशीनने ऐकलेलं विसरायला लावायचं असेल तर काय करायचं? तो म्हणे, सोपं आहे काका, कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, दाबा, हिस्ट्रीत जा, क्लिअर म्हणा. आता चौकोन दिसतील, सगळ्यांवर टिक मारा. मी एकेक वाचून दाखवायला लागलो. कुठे कुठे गेलात ते. टिक. काय काय उतरवलंत ते. टिक. आणि खाली शेवटचा चौकोन, फॉर्ममध्ये भरलेलं सगळं. तिथे माझा हात थांबला.

म्हटलं, रोशन, हे पण पुसायचं? तो म्हणे, पुसा ना काका, कचरा आहे सगळा. कचरा? अहो, माझा अख्खा पाडा होता त्यात! बायजीचं पेन्शन होतं, पोरांची स्कॉलरशिप होती, हिरूचं घरकुल होतं. इकडे मी टिक मारली आणि तिकडे तहसीलमधनं पण पुसलं गेलं तर? बुधीची शेगडी परत न्यायला गाडी आली तर मी कुणाला तोंड दाखवू? रोशन सांगत होता, काका, तसं नसतं ते. पण त्याला कुठे पाड्यात राहायचं आहे? मी लोकांना शब्द दिला होता, ठेव बाबा म्हटलं होतं. तो चौकोन मी सोडला. बाकीचं सगळं पुसलं आणि असं हलकं वाटलं म्हणून सांगू, ओढ्यावर जाऊन आंघोळ केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी शितल परत आली लिस्ट बघायला. 'ल' टाकला. काही नाही. शितलने अख्खी बाराखडी टाकली. काही नाही. घरी जाऊन आईला म्हणाली, बाने सगळं कोरं केलंय. सुकी म्हणाली, चोराच्या मनात चांदणं. झालं! आधी नुसता संशय होता, आता साफसफाई केली म्हणून पुरावा झाला. लिहिलं तरी मेलो, पुसलं तरी मेलो!

पण मी मागे हटलो नाही. तलासरीला एक संस्था दरवर्षी सामुदायिक लग्नं लावते, आमच्यासारख्या जोडप्यांचीच. एका मांडवात कितीतरी लग्नं, जेवण त्यांचं, साडी-ब्लाउज त्यांचं. मी त्यांना आधी फोन करून थोडी चौकशीही केली होती. त्यांचा फॉर्म कॉम्प्युटरवर होता. एका संध्याकाळी बसलो. वराचं नाव, लाहू. वय, पाडा, तालुका, भरलं. मग वधूची बाजू. म्हटलं नंबर आधी टाकू, तो पाठ आहे. सुकीच्या नंबरचा पहिला आकडा टाकला तर मशीनने आपणहून पूर्ण नंबर पुढे केला. मी म्हटलं, शाब्बास! त्यावर बोट ठेवलं, आणि भराभर, भराभर, वधूची सगळी बाजू आपोआप भरली! पाडा बरोबर. तालुका बरोबर. पिनकोड बरोबर. तेवढ्यात बाहेर ट्रकवाला हॉर्न मारायला लागला, शेठ ओरडतोय, लाहू, चलन! मी म्हटलं, एवढं शहाणं मशीन, नाव काय चुकीचं लिहील? दाबलं. गेलं. आणि ती खिडकी आली, जपून ठेवू का? म्हटलं, ठेव बाबा, हे तर जरूर ठेव!

आणि नाव कुणाचं होतं? त्या नंबरावर सगळ्यात शेवटी मी कुणाचा फॉर्म भरला होता? शेगडीवाली बुधी!

रविवारचा दिवस. मी ओट्यावर पेज पीत बसलोय. ताडाखाली सुकी भात निवडतेय, तिच्या बाजूला बुधी, अहो तीच बुधी, ती रोजच येऊन बसते. शितल भांडी घासतेय. फोन वाजला. सुकीच्या फोनचा कानाचा आवाज गेलाय, म्हणून ती स्पीकरवरच बोलते, त्यामुळे आमचे फोन अख्ख्या पाड्याचे असतात. फोनमधली बाई म्हणाली, "नमस्कार, मी तलासरीहून संगीता बोलते. बुधीताई आहेत का?" सुकी रोजच्यासारखी म्हणाली, हो, इथेच बसलीय, सांगा, शेगडीचं का? "नाही, लग्नाचं. लाहूदादांशी त्यांचं लग्न आमच्या मांडवात नक्की झालंय. अभिनंदन हां. ब्लाउजचं माप लागेल."

तुम्हाला सांगतो, कोंबड्यासुद्धा थांबल्या. सुकीच्या हातातलं सूप तसंच. बुधीने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, मग सुकीकडे, मग फोनकडे, आणि म्हणाली, "अगं, पण माझं झालंय की लग्न, गेल्याच साली!" आणि मागून तिचा नवरा रघ्या, कुंपणापाशी लाकडं फोडत होता, त्याने कुऱ्हाड हातात तशी घेतली आणि आला. मी पेजेचं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, लाहू, आटोपलं. रघ्या जवळ आला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारतो काय, "जेवण त्यांचंच आहे ना?"

पण सुकी उठली. सूप बाजूला ठेवलं. ओरडली नाही आताही. म्हणाली, "माझ्याशी करायला तुला इतकी वर्षं हात मोकळा नव्हता. हिच्यासाठी लगेच झाला?"

मग माझं सगळं बाहेर पडलं, राहवलंच नाही. म्हटलं, अगं बाई, तुझ्याशीच करत होतो! तुलाच सांगायचं नव्हतं, म्हणून लपवत होतो! बुधीचं नाव मशीनने लिहिलं, शेगडीमुळे लिहिलं! माझंच मला ऐकायला इतकं खोटं वाटत होतं, तर तिला काय वाटलं असेल? ती म्हणाली, दाखव मग. म्हटलं, चल शेडवर, आत्ता दाखवतो, मी तिथे काय काय विचारलंय! लग्नात नवरीला कोणता रंग शोभतो विचारलंय, हळदीचं विचारलंय... आणि भांड्यांपाशी बसल्या बसल्या शितल म्हणाली, "बा, ते तू पुसलंस ना?"

पुसलं होतं. जे मला मारणार होतं ते पण पुसलं, जे वाचवणार होतं ते पण पुसलं, आणि ठेवलं काय तर बुधी! मी ओट्यावर बसलो. खरंच सांगतो, मला रडायला आलं. इतकी वर्षं टाळलं ते मी, आणि एकदा मनापासून करायला गेलो तर हे असं. वाटलं, आता ही जाते माहेरी, आणि बरोबरच आहे तिचं.

आणि तेवढ्यात त्या सुपातून आवाज आला. फोन चालूच होता हो! संगीताताई म्हणत होत्या, "हॅलो... मी आहे अजून. मला जरा बोलायचंय. लाहूदादा, मागे फोन करून विचारलं होतं ते तुम्हीच ना? 'तुमच्या मांडवात लग्न लागलं, की माझ्या सुकीला लेकीच्या हळदीला पुढे उभं राहता येईल ना,' असं? तेव्हा तुम्ही सुकी म्हणाला होता. म्हणून मला हे नाव बघून नवल वाटलं, म्हणून तर मी फोन केला."

रघ्याने कुऱ्हाड हळूच भिंतीला टेकवली. सुकीने माझ्याकडे बघितलं. ती भाचीच्या हळदीला ताट देऊन मागे सरली होती ना, तेव्हा मी बघत होतो हे तिला ठाऊक नव्हतं. ते आत्ता तिला कळलं. तिने सुपातून फोन उचलला, भाताचे दाणे झटकले आणि म्हणाली, "ताई, नाव बदला. सुकी लिहा. माप माझं घ्या."

बुधी तेवढी थोडी नाराज झाली. म्हणे, ब्लाउज तर मिळत होता.

लग्न लागलं, तुम्हाला सांगतो, थाटात लागलं. तलासरीच्या मैदानात मांडव, किती नवऱ्या, किती नवरदेव, काहींच्या कडेवर नातवंडं. आमची शितल आईच्या लग्नात करवली! नविन माझ्या मागे छत्री धरून, लाजून मरतोय. सुकी पिवळी झाली होती हळदीने, नखशिखांत, आणि मान खाली घालून हसत होती, पहिल्या साली लाजायची तशी. मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी शेडवर जाऊन मी रेशनकार्डाचा फॉर्म उघडला, पत्नीचं नाव स्वतःच्या बोटाने लिहिलं, आणि खिडकी आली, जपून ठेवू का? आता तुम्हीच सांगा, मी काय म्हणणार? ठेव बाबा!

आणि माघात शितलची हळद. तीच म्हातारी आली होती, जुन्या चालीची. सुकी ताट घेऊन पुढे गेली, कुणी काही म्हणालं नाही, आणि पहिला हात शितलच्या गालाला तिच्या आईचा लागला. लागला तो लवकर निघेना. मी ढोलाजवळ उभा होतो, ढोलवाल्याला म्हटलं, जोरात वाजव रे, माझ्या नाकाचा आवाज ऐकू जातोय.

तर असं सगळं छान झालं. छानच झालं हो, मी कुठे नाही म्हणतोय? फक्त एक आहे. सुकीला आता मान मिळाला, आणि तिचा हात शुभ आहे अशी बातमी पसरली. नरपडला कुणाची हळद, सुकी. बोर्डीला कुणाची हळद, सुकी. तलासरीहून तर रिक्षा पाठवतात न्यायला. माघ गेला, फाल्गुन गेला, आता चैत्र लागलाय आणि बाई घरात दिसत नाही. लग्न नव्हतं तोवर इतकी वर्षं बायको रोज घरात होती, दोन वेळा गरम भाकरी होती. लग्न केलं... आणि तेव्हापासून चुलीपुढे मी एकटाच बसलोय!